बाहेर उणे १५, आत २९!

शिकागोजवळच्या आमच्या घरून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर ५ अंश फॅरनहाइट दिसत होतं. आपल्या भाषेत उणे १५ सेल्सिअस. चार मराठी कुटुंबं, नऊ मुलं आणि हिवाळ्यात मुद्दाम सांगलीहून बोलावून घेतलेली माझी आई. डिकीत बर्फाचे बूट, त्यांना खेटून पोहण्याचे कपडे, त्यावर भाजणीचा डबा आणि चिवड्याची बरणी. जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा लांब वीकेंड, आणि साधारण तीन-साडेतीन तासांवर विस्कॉन्सिन डेल्स. छपराखालच्या वॉटरपार्कांसाठी अमेरिकेत या गावाचं नाव आधी निघतं.

गावाची वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास, आणि पाहुणे लाखोंनी. ‘डेल्स’ हा शब्द फ्रेंच ‘दाल’वरून आला. त्याचा अर्थ फरशी, दगडी लादी. विस्कॉन्सिन नदीने इथला वालुकाश्म असा कापलाय की काठावर खरोखरच लाद्या रचून ठेवल्यासारख्या दिसतात. (मागच्या सीटवरून “दाल म्हणजे वरण ना?” असं विचारून झालं.) हे नाव गावाने १९३१ मध्ये घेतलं, त्याआधी ते किलबर्न होतं.

आधी फोटो, मग पर्यटक

या गावाचं नाव दूरवर नेलं ते एका फोटोग्राफरने. हेन्री हॅमिल्टन बेनेट यांनी १८८६ मध्ये आपल्या मुलाचा, ॲश्लीचा, फोटो काढला. कड्यावरून समोरच्या सुट्या खडकावर तो उडी मारतोय आणि हवेत लख्ख थिजलाय. त्या काळच्या कॅमेऱ्यांपुढे लोक पुतळ्यासारखे बसत, नाहीतर चेहरा फिसकटायचा. बेनेटनी रबर लावून स्वतःचं झटपट शटर बनवलं होतं. असे फोटो पाहून लोक रेल्वेने इथे येऊ लागले. आज त्याच फटीवरून पर्यटकांसमोर शिकवलेला कुत्रा उडी मारतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, जमीन आणि पाणी दोन्हीकडे चालणाऱ्या लष्करी गाड्या इथे सहलींसाठी आल्या. १९७९ मध्ये ‘नोआज् आर्क’ हा उघड्यावरचा प्रचंड वॉटरपार्क उभा राहिला. पण सप्टेंबर उजाडला, शाळा सुरू झाल्या की गाव झोपायचं ते थेट मेपर्यंत. हॉटेलं रिकामी, कर्ज मात्र बारमाही.

१९९४ मध्ये पॉलिनेशियन या हॉटेलाने पाण्याचे खेळ छपराखाली आणले, आणि गावाचं पंचांगच बदललं. १९९७ मध्ये ‘ब्लॅक वुल्फ लॉज’ आलं. तेच पुढे ‘ग्रेट वुल्फ लॉज’ झालं आणि आज त्याच्या वीसहून जास्त शाखा आहेत. २००० मध्ये ‘कलहारी’ उघडलं. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. ज्या गावात हिवाळ्यात सगळं ठप्प व्हायचं, त्याच गावाने थंडीलाच गिऱ्हाईक आणायला लावलं.

खरी करामत हवेची

आमच्या हॉटेलातल्या वॉटरपार्कचं दार ढकललं आणि आम्हा सगळ्या चष्मेवाल्यांना एकदम दिसेनासं झालं. आत ८४ फॅरनहाइट, म्हणजे २९ सेल्सिअस. काचा पुसेपर्यंत पोरं पसार.

आपण पाण्याच्या घसरगुंड्यांकडे बघत राहतो, पण अशा इमारतीत खरी कसोटी लागते ती हवा सांभाळताना. हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवतात. उलट झालं तर पाणी भराभर वाफ होऊन वर जाईल, छताला थेंब धरतील, लोखंड गंजेल. शिवाय आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. म्हणून हॉटेलच्या बाजूने दार उघडलं की हवा आत खेचली जाते, आणि पाण्याचा दमटपणा व वास खोल्यांपर्यंत पोचत नाही. दारात उभं राहून हात पुढे केलात तर ती झुळूक बोटांना कळते.

मग इतक्या उबेतही पाण्याबाहेर आल्यावर दात का वाजतात? माठासारखंच आहे ते. माठाच्या अंगावरचं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. इथे माठ आपण असतो. टॉवेल गुंडाळला की काकडणं थांबतं, कारण अंग कोरडं झालेलं असतं.

आणि तो वास

“क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ आहे,” असं आपण मुलांना बिनदिक्कत सांगतो. मीही सांगत आले. खरं उलट आहे. योग्य मापाने क्लोरीन घातलेल्या स्वच्छ पाण्याला वास फारसा येत नाही. नाकात जातो तो क्लोरामाइन नावाच्या रसायनांचा. माणसांचा घाम, अंगावरचा मळ, लावलेली क्रीमं आणि हो, पाण्यातच केलेली शू, यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होतात. डोळे चुरचुरतात ते त्यांनीच, खोकलाही येतो त्यांनीच. छपराखाली त्यांना उडून जायला वाट नसते, ते पाण्याच्या पृष्ठभागाजवळ रेंगाळतात, नेमके पोहणाऱ्याच्या नाकाच्या पातळीला.

याला उतारा फुकटचा आहे: पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवर. तेवढ्यानेच अंगावरचं बहुतेक सगळं निघून जातं. आमच्या घाटावर, विहिरीवर आधी पाय धुवायला लावायचे, तेच हे. पोरांना रांगेत उभं करून मी साठपर्यंत मोठ्याने आकडे मोजायला लावले.

आता शू का लागते तेही सांगते. पाण्यात शिरलं की पाण्याचा दाब हातापायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. शरीराला वाटतं, अंगात द्रव जास्त झालाय, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून पाण्यात शिरण्याआधी जाऊन आलेल्या पोराने वीस मिनिटांत “आई, परत लागली” म्हटलं तर रागावू नका. तो खरं बोलतोय.

घंटा वाजली की पळा (किंवा थांबा)

मध्यभागी लाकडी किल्ल्यासारखं काहीतरी, त्यावर अवाढव्य बादली. अशा बादल्यांत सुमारे १००० गॅलन पाणी मावतं, म्हणजे ३८०० लिटरच्या आसपास. गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ चार टाक्या एकदम डोक्यावर. ती उलटी करायला कुणी बटण दाबत नाही. पाणी चढत जातं तसा बादलीचा भार वर सरकतो. तो आसाच्या वर गेला की तोल जातो आणि बादली आपोआप कलंडते. कलंडण्याआधीची घंटा वाजली की आमची नऊच्या नऊ पोरं बरोबर खाली, डोळे मिटून, एकमेकांचे हात धरून. धबाल्! शेजारच्या दोन अनोळखी मुलींनीही त्यांचे हात धरले होते.

लाटांच्या तलावातही यंत्राचं वल्हं वगैरे नसतं. खोल बाजूच्या भिंतीमागे कप्पे असतात, पंखे त्यांत हवा कोंबतात, हवा पाणी खाली दाबते, सोडते, पुन्हा दाबते. झाली लाट. कृत्रिम लाटांची हौस जुनीच आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८७० च्या दशकात लिंडरहोफच्या महालाबाहेर खोटी गुहा बांधून त्यातल्या तळ्यात लाटांचं यंत्र बसवलं होतं.

घसरगुंडीवर वजनदार माणूस सहसा जास्त जोरात जातो, हे आमच्यातल्या एका काकांनी पोरांना सप्रमाण दाखवून दिलं.

मान हलवणारी मुलगी

“ती ताई सारखी नाही-नाही का म्हणतेय?” धाकटीने विचारलं. पाण्याकाठची जीवरक्षक डावीकडून उजवीकडे, मग पायाशी, मग परत डावीकडे बघत होती. अमेरिकेतल्या अनेक वॉटरपार्कांत १०/२० चा नियम शिकवतात: दहा सेकंदांत आपला सगळा भाग नजरेखालून घालायचा आणि कुणी अडचणीत दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत त्याच्यापाशी पोचायचं. ऐकल्यापासून मी तिच्याकडेच बघत बसले. तासभर. एकदाही मोबाइल नाही, एकदाही गप्पा नाहीत.

सगळ्यात मोठं छप्पर जर्मनीत

छपराखालच्या पाण्याची ही हौस फक्त डेल्सची नाही. बर्लिनच्या दक्षिणेला ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ नावाचं रिसॉर्ट आहे. ते मुळात महाकाय वायुनौका (एअरशिप) बांधण्यासाठी उभारलेलं हँगर. लांबी ३६० मीटर, रुंदी २१०, उंची १०७ आणि मधे एकही खांब नाही. वायुनौकांच्या कंपनीचं २००२ मध्ये दिवाळं निघालं. २००४ च्या डिसेंबरात तिथे वाळू, नारळी-पोफळींसारखी झाडं आणि कोमट तळी आली. बाहेर बर्फ, आत लोक चड्डीवर.

आईची नदी

आई पाठीला वाळका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली. इथे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालून ती लेझी रिव्हरच्या ट्यूबमध्ये बसली, आणि पहिल्या वळणावर विचारलं, “ही नदी जाते कुठे गं?”

“कुठेच नाही, आई. गोल फिरते. भिंतीतून पंप पाणी ढकलतात.”

“मग बरंय,” म्हणाली, आणि सहा फेऱ्या मारल्या.

रात्री खोलीवर थालीपिठं झाली. सगळ्यांची बोटं मनुकांसारखी. बोटांना सुरकुत्या पडतात त्या पाणी मुरल्याने, असं आम्ही शाळेत शिकलो. पण बोटाची नस तुटली असेल तर सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे हे काम मज्जासंस्थेचं; ती बोटाच्या आतल्या रक्तवाहिन्या आवळते आणि कातडी आत ओढली जाते. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात २०१३ मध्ये लोकांना ओल्या गोट्या एका भांड्यातून दुसऱ्यात टाकायला लावल्या. सुरकुतलेल्या बोटांनी काम लवकर झालं.

गोट्या आमच्याकडे नव्हत्या, द्राक्षं होती. पातेल्यात पाणी, त्यात द्राक्षं, समोर रिकामा वाडगा, हातात मोबाइलचं घड्याळ. नऊ पोरं आणि आई, आळीपाळीने. पहिल्या चार नोंदी नीट झाल्या. पाचव्याला वाडगा भरायच्या आत द्राक्षं संपली.