करंगळीला मुंग्या? कोपराकडे बघा

कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून अल्नर नस जाते. ती दबली की करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते.

आपण तासभर मोबाईल कानाला लावतो, वाचताना कोपरावर रेलतो, हात दुमडून उशाखाली घेऊन झोपतो. कोपर दुमडले की नस ताणली जाते. त्रास नवा असेल तर या सवयी बदलूनच अनेकांना आराम पडतो. रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळावा, म्हणजे हात फार दुमडत नाही.

पण बधिरपणा हटेना, कुर्त्याचे बटण लावता येईना, अंगठा व तर्जनीमधला भाग खोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. झिजलेले स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येतीलच असे नाही. शिफा देणारा अल्लाह आहे. वेळेवर इलाज करणे आपले काम.