ज्युलिया, 'रुचिरा' आणि सारोळ्याची आजी

आजच्या भागात कोड नाही, गॅजेट नाही, पगारवाढ तर नाहीच नाही. आज स्वयंपाकावर बोलायचंय. जेवायच्या आधी ऐकत किंवा वाचत असाल, तर आधी काहीतरी खाऊन घ्या.

दिवाळीत नगरला घरी होतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) आईबरोबर बघायला म्हणून 'ज्युली अँड ज्युलिया' लावला. २००९ चा सिनेमा, दिग्दर्शक नोरा एफ्रॉन. एका बाजूला १९४९ च्या आसपासचं पॅरिस. तिथे उंचपुरी, मोठ्या आवाजाची अमेरिकन बाई ज्युलिया चाइल्ड स्वयंपाक शिकतेय. ही भूमिका मेरिल स्ट्रीपची. दुसऱ्या बाजूला २००२ चं न्यूयॉर्क. तिथे नोकरीला कंटाळलेली ज्युली पॉवेल ठरवते, की ज्युलियाच्या पुस्तकातले ५२४ पदार्थ ३६५ दिवसांत करायचे आणि रोज ब्लॉग लिहायचा. दोन्ही बायका खऱ्या, दोन्ही गोष्टी खऱ्या.

मी हा सिनेमा आधी पुण्यात रूमवर पाहिला होता. तेव्हा आम्हा तिघांचं मत जगभरच्या समीक्षकांसारखंच होतं: ज्युलियाचा भाग भारी, ज्युलीचा भाग रडका. मेरिल स्ट्रीपला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यात नवल नाही. बाई पडद्यावर आली की खोली उजळते.

आईच्या प्रतिक्रिया मात्र वेगळ्याच. पहिली प्रतिक्रिया लोण्याच्या तुकड्यावर: "एवढ्यात आपला महिना जाईल." दुसरी कांद्यांवर. ज्युलिया पॅरिसमध्ये 'कोर्डों ब्लू' या नामांकित शाळेत जाते. वर्गात तिचा कांदा चिरण्याचा वेग सगळ्यांत कमी. मग ती घरी येऊन कांद्यांचा अक्षरशः डोंगर चिरते. नवरा दारात येतो आणि डोळे चोळत परत फिरतो. हा सीन विनोदी आहे. पण आमच्या घरात कांदा हा विनोदाचा विषय नाही, वडिलांचं अर्धं वर्ष त्याच्यावर चालतं. आई म्हणाली, "ह्या बाईला कुणी सांगा रे, एवढा कांदा चिरून करणार काय?" मी म्हटलं, प्रॅक्टिस करतेय. ती म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत जायचं होतं. प्रॅक्टिसची प्रॅक्टिस, कामाचं काम."

तिसरी प्रतिक्रिया खरी महत्त्वाची. ज्युली पुस्तकात वाचते, की मांस फडक्याने कोरडं केल्याशिवाय त्याला तांबूस रंग येत नाही, आणि मशरूम परतताना पातेल्यात गर्दी करायची नाही. ज्युलीला हा चमत्कार वाटतो. आई शांतपणे म्हणाली, "मग? भजी सगळी एकदम सोडतात का?"

इथे मी सिनेमा पॉज केला. या दोन वाक्यांत एकच विज्ञान आहे. पदार्थ ओला असेल तर कढईची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. पाणी असेपर्यंत पृष्ठभागाचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. आणि तो खमंग तांबूस रंग यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. गर्दी केली की सुटलेली वाफ कोंडते, तेल गार होतं, आणि परतायला ठेवलेली वस्तू चक्क उकडली जाते. वाटणाचा कांदा मंद आचेवर गच्च भरून ठेवला की पाणी सुटून पांढरा-पिवळा लगदा होतो, तो यामुळेच. आईला अंश माहीत नाहीत. पण नियम पक्का माहीत आहे.

मग प्रश्न असा, की आईलाही माहीत आणि ज्युलियालाही माहीत, तर ज्युलिया जगप्रसिद्ध का झाली?

कारण तिने ते लिहिलं. म्हणजे नीट लिहिलं. फ्रेंच पाककृती तोवर शिकलेल्या आचाऱ्यासाठी असायच्या, अर्धं ज्ञान गृहीत धरून. ज्युलिया, सिमोन बेक आणि लुइझेट बर्थोल या तिघींनी ते पुस्तक अमेरिकन बाईसाठी केलं, तिच्या दुकानात मिळणाऱ्या पिठाने, तिच्या मापाने, पुन्हा पुन्हा करून बघून. पहिल्या प्रकाशकाने नाकारलं. १९६१ मध्ये क्नॉफने छापलं. पानाची मांडणी बघा: डाव्या बाजूला त्या टप्प्याला लागणारं साहित्य, त्याच्या शेजारी उजवीकडे कृती. म्हणजे वरची यादी आणि खालची कृती यांत बोट ठेवून वर-खाली करायला नको. आमच्या भाषेत सांगायचं तर हे उत्तम डॉक्युमेंटेशन आहे. लिहिणारा समोर नसतानाही दुसऱ्याच्या मशीनवर चाललं पाहिजे, ही अट.

आणि ते चाललं. जवळजवळ अर्ध्या शतकाने, हा सिनेमा आल्यावर ते पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत पहिल्यांदा चढलं.

आता आपल्याकडे येऊ. ज्युलियाच्या पुस्तकाचा दुसरा खंड आला १९७० मध्ये. त्याच वर्षी मराठीत 'रुचिरा' आलं. लेखिका कमलाबाई ओगले, शाळा चौथीपर्यंत. तुमच्या घरात किंवा मावशीच्या घरात तेलाचे डाग पडलेली, कव्हर सुटलेली एक प्रत असणारच. कमलाबाईंची कमाल कुठे आहे, तर मापात. ग्रॅम नाही, औंस नाही. वाटी आणि चमचा. ज्या घरात वजनकाटा नाही त्या घरात वाटी आहेच. आणि वाटी लहान असो की मोठी, सगळं त्याच वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. ज्युलियाने तिच्या वाचकाचं किचन बघून माप निवडलं, कमलाबाईंनी आपल्या. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या, सासूही जवळ नाही आणि आईही नाही, अशा कितीतरी घरांत या पुस्तकाने हाताला धरून स्वयंपाक शिकवला.

त्यानंतरची पायरी तर आपल्याच जिल्ह्यातली. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी' चॅनलवाल्या आजी. २०२० ची गोष्ट. नातवाने पावभाजी मागितली, आजींना येत नव्हती. त्याने यूट्यूबवरचा एक व्हिडिओ दाखवला. आजींनी तो बघितला आणि म्हणाल्या, यापेक्षा चांगली मी करते. केली, आणि तिथून चॅनल सुरू. कारल्याच्या भाजीच्या व्हिडिओने लाखो लोक जोडले गेले. बेकिंग पावडर, सॉस असले इंग्रजी शब्द नातवाने शिकवले, चव आजींची. त्याच वर्षी चॅनल हॅक झालं आणि परत मिळेपर्यंत घरात जेवण गोड लागलं नव्हतं म्हणतात. मला या गोष्टीत नातू फार महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे आपला ज्युली पॉवेल. स्वतः मोठा आचारी नाही, पण ज्याला येतं त्याच्यासमोर मोबाईल धरून उभा राहिला.

म्हणून ज्युलीबद्दल माझं मत बदललं. खऱ्या ज्युलिया चाइल्डना तो ब्लॉग आवडला नव्हता, हे त्यांच्या संपादक जुडिथ जोन्स यांनी नंतर सांगितलं. सिनेमातही तो फोन येतो आणि ज्युली कोसळते. माझा रूममेट तेव्हा म्हणाला होता, बरोबरच आहे, दुसऱ्याच्या पुस्तकावर फेमस व्हायचं! मीही मान डोलावली होती. पण पुस्तक कपाटात ठेवून पूजा करण्यापेक्षा, पिझ्झाच्या दुकानावरच्या छोट्याशा घरात, ऑफिसातून दमून आल्यावर कुणीतरी त्यातलं रोज काहीतरी करून बघतंय, जमलं नाही तर तसं लिहितंय, याहून लेखकाला आणखी काय हवं? ज्युली पॉवेल २०२२ मध्ये वारली, फक्त ४९ वर्षांची.

मला हे इतकं का लागलं, ते सांगतो. माझी आजी हुलग्याचे शेंगोळे करायची. थंडीत, सकाळी, भरपूर लसूण घालून. ती गेली आणि माझ्याकडे तिचे चार व्हॉइस मेसेज आहेत, चारही "जेवलास का" एवढेच. शेंगोळ्यांचं माप कुठेच नाही. आईला येतात, पण आई स्वतः म्हणते, "तिच्यासारखे नाहीत."

तर सिनेमा संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी आईसमोर वजनकाटा ठेवला. ऑनलाइन मागवलेला, छोटा. पहिल्यांदा मी एकट्याने केले: हुलग्याचं पीठ, मिरची-लसणाचं वाटण, मीठ, मळून वळले आणि कोमट पाण्यात सोडले. पिठलं झालं. हुलग्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे वळलेला शेंगोळा टिकतो तो उकळत्या पाण्याच्या जोरावर. बाहेरचा थर पाण्यात पडताक्षणी शिजून आवळला पाहिजे. दुसऱ्यांदा मी हुशारी केली, गव्हाचं पीठ जास्त घातलं. फुटले नाहीत, पण चावताना रबर. वडिलांनी दोन खाल्ले आणि भाकरी मागितली.

तिसऱ्यांदा हात आईचा, काटा माझा. तिला थांबवून "किती ग्रॅम?" विचारलं की तिचा हातच चुकतो, हे पाच मिनिटांत कळलं. मग मी युक्ती केली, ती तुम्हीही करा. मिठाचा डबा आधी वजन करून ठेवायचा. तिने हवं तेवढं, हव्या तितक्या वेळा घ्यायचं. शेवटी डबा परत वजन करायचा. जेवढं कमी झालं तेवढं मीठ. तसंच पिठाचं, तिखटाचं, तेलाच्या बरणीचं. पाण्यासाठी तांब्या आधी भरून मोजायचा आणि उरलेलं वजा करायचं. तिला काही विचारायचं नाही, फक्त मोबाईल शेगडीकडे तोंड करून ठेवायचा.

नोंद अशी: हुलग्याचं पीठ २५० ग्रॅम, ज्वारीचं ६० ग्रॅम, गव्हाचं एक मूठ, म्हणजे ३० ग्रॅम. लसूण १४ पाकळ्या. मीठ ११ ग्रॅम, त्यातलं ३ रश्शात. थोडं पीठ पाण्यात कालवून रश्शाला लावलेलं. पाणी खळखळ उकळायला लागल्यावरच शेंगोळे सोडले, तेही सगळे एकदम नाही.

"भज्यांसारखं," मी म्हटलं.

"भज्यांसारखंच," आई म्हणाली. मग तिने रस्सा चाखला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "लसूण कमी पडला. ती ठेचून घालायची, चिरून नाही. लिही ते."