परखीभर धान

सकाळी 6. मार्गशीर्षातल्या थंडीत तुमसरच्या बाजार समितीत ट्रॅक्टर रात्रीच येऊन लागलेले असतात. सिहोरा, नाकाडोंगरी, मोहाडीकडचे शेतकरी ट्रॉलीवरच ताडपत्री पांघरून निजलेले, उशाशी टॉर्च.

8 वाजता मी अडतीचं दुकान उघडतो. दिवाणजी म्हणून वही माझ्याकडे, पण वहीच्या आधी खुंटीवरची परखी खाली येते. निमुळत्या टोकाची, वरून उघडी अशी लोखंडी पन्हाळी. पोत्याच्या कुशीत खुपसून जरा तिरपी केली की मधलं धान घरंगळत तळहातावर येतं. मग तिच्याच टोकाने तागाचे धागे सारखे करून भोक बुजवायचं. तुमसर कशावर चालतं, असं कोणी विचारलं तर मी हीच दाखवतो.

10 ला लिलाव. व्यापारी धान दोन्ही तळव्यांत चोळतो, फुंकर मारून तूस उडवतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. कट् झालं तर धान वाळलेलं, दाणा नुसता दबला तर ओल आहे. सरकारी खरेदी केंद्रावर 17 टक्के ओलाव्याची मर्यादा यंत्राने तपासतात. इथे अजून दातावर भरवसा आहे. शेतकरी त्या दाताकडे बघत उभा असतो. चार महिन्यांच्या कष्टाचा भाव तिथे ठरतो.

‘एचएमटी आहे जी,’ असं कोणी म्हटलं की माना वळतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडून वाढवलेलं हे वाण. त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. दादाजी 2018 साली गेले. बाजारात त्यांचं नाव क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

दुपारी मिलवर. क्विंटलभर धानामागे सरकारी भरडाईत 67 किलो तांदूळ द्यावा लागतो. बाकी कोंडा, कनकी आणि तूस. कोंडा तेलाला जातो, तूस बॉयलरमध्ये.

4 ला चहा. कप हातात आला की एका दूरच्या शहराची वस्तू आठवते. न्यूयॉर्कची ओळख म्हणून लोक एक निळा-पांढरा कागदी कप जपून ठेवतात. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या लेस्ली बक यांनी 1963 मध्ये ग्रीक हॉटेलवाल्यांसाठी तो काढला. बाहेरून आलेल्यांनी वसवलेलं शहर त्या कपात दिसतं. आमची परखीही तेवढीच खरी. मात्र तिच्यात एक अन्याय भरून येतो.

6 ला हमाल सूजा-सुतळीने पोत्यांची तोंडं शिवतात आणि आवारात झाडू फिरतो. दिवसभर प्रत्येक व्यापाऱ्याने मूठमूठ काढून पाहिलेलं, पाहून खाली टाकलेलं धान एका ढिगात गोळा होतं. तो ढीग शेतकऱ्याच्या घरी जात नाही. परवा एक म्हातारे बाबाजी दबकत म्हणाले, ‘पाहून झालं असंन तं पोत्यातच टाका जी.’ त्यांना हे मागावं लागलं, हे बरं नाही.

बाजारातल्या भावांनो, परखी लावा, दाणा चावून बघा, भाव पाडून मागा, तो तुमचा धंदा आहे. पण पाहून झालं की मूठ त्याच पोत्यात रिकामी करा. ते धान तोलाआधीचं आहे, शेतकऱ्याचं आहे.