तलाल यांचा मुलगा

सौदी गुंतवणूकदार अल-वलीद बिन तलाल यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण सिटीबँकेपासून सुरुवात करतात. मला ती १९६२ पासून करावीशी वाटते. त्या वर्षी त्यांचे वडील, राजपुत्र तलाल, यांनी बैरूतमध्ये पत्रकारांसमोर आपल्याच घराण्याच्या कारभारावर टीका केली. तलाल म्हणजे सौदी अरेबियाचे संस्थापक राजे अब्दुलअझीझ यांचे चिरंजीव आणि आदल्या वर्षापर्यंत देशाचे अर्थमंत्री. राज्याला लिखित घटना हवी आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा हवी, अशी त्यांची मागणी होती. तिची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. पासपोर्ट गेला, मालमत्ता जप्त झाली आणि हा राजाचा मुलगा इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या कैरोत आश्रयाला गेला. १९६४ मध्ये ते मायदेशी परतले, पण सरकारमध्ये त्यांना पुन्हा कधी पद मिळालं नाही.

१९६२ मध्ये अल-वलीद सात वर्षांचे होते. आईवडील विभक्त झाले आणि मुलगा बऱ्याच अंशी आईकडे, बैरूतमध्ये वाढला. आई मोना या स्वतंत्र लेबनॉनचे पहिले पंतप्रधान रियाद अल-सुल्ह यांची कन्या. या आजोबांची १९५१ मध्ये अम्मानमध्ये गोळ्या घालून हत्या झाली होती. म्हणजे राजकारणात माणसाचं काय होऊ शकतं, हे या मुलाला दोन्ही घरांनी दाखवून दिलं होतं. पुढच्या साऱ्या कारकिर्दीत त्यांनी सत्तेचं पद मागितलं नाही. त्यांनी पैसा मिळवला, आणि तोही असा, की जगाने त्यांना नावाने ओळखावं. मला ही निव्वळ धनलालसा वाटत नाही. वडिलांना जे संरक्षण मिळालं नाही, ते या मुलाला पैशातून उभं करायचं होतं, असंच मला त्यांचा प्रवास पाहताना वाटत आलं आहे.

कॅलिफोर्नियातल्या मेनलो कॉलेजातून १९७९ मध्ये पदवी घेऊन ते रियाधला परतले. तेलाच्या पैशाने शहर वाढत होतं. वडिलांनी दिलेले ३०,००० डॉलर आणि घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज, एवढंच भांडवल आपल्याकडे होतं असं ते सांगत आले आहेत. परदेशी कंपन्यांना बांधकामाची कंत्राटं मिळवून देणं आणि जमिनींचे व्यवहार, यांतून पैसा झाला. मात्र राजघराण्यातल्या माणसाला रियाधमध्ये जी दारं उघडतात, ती इतरांना उघडत नाहीत, हेही सांगायला हवं. १९९९ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने या संपत्तीचा हिशेब नीट जुळत नसल्याचं लिहिलं होतं. तो प्रश्न रास्त होता.

तरीही धंद्याची जाण त्यांच्याकडे होती, याबद्दल शंका नको. १९८६ च्या सुमारास त्यांनी तोट्यातली युनायटेड सौदी कमर्शियल बँक ताब्यात घेतली, नोकरकपात केली, खर्च आवळला आणि ती नफ्यात आणली. ही रियाधमधली तालीम पुढे न्यूयॉर्कमध्ये कामाला आली. १९९० च्या अखेरीस अमेरिकेतल्या जमीनजुमल्याच्या कर्जांनी सिटीबँकेची मूळ कंपनी सिटीकॉर्प घायकुतीला आली होती. भाव कोसळला होता आणि बँक बुडणार अशी कुजबुज होती. अल-वलीद यांनी आधी बाजारातून समभाग घेतले, मग फेब्रुवारी १९९१ मध्ये थेट बँकेत ५९ कोटी डॉलर ओतले. सगळे मिळून सुमारे ८० कोटी डॉलर गुंतले, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा. पस्तिशीतल्या माणसाने एकाच बुडत्या बँकेवर एवढं लावणं याला छाती लागते. बँक सावरली आणि पुढच्या दीड दशकात ती रक्कम अनेक पटींनी वाढली.

यानंतरची पद्धत ठरून गेली. नाव मोठं आणि दिवस वाईट, अशी कंपनी शोधायची. १९९४ मध्ये कर्जात रुतलेल्या युरो डिस्नेचा जवळपास चौथा हिस्सा त्यांनी घेतला. १९९६ मध्ये पॅरिसचं जॉर्ज पाचवे हॉटेल घेतलं आणि त्याचा पूर्ण कायापालट केला. १९९७ मध्ये, ॲपल मरणपंथाला लागली असं सगळे म्हणत असताना, तिचे सुमारे ५ टक्के समभाग घेतले. फोर सीझन्स ही हॉटेल कंपनी त्यांनी २००७ मध्ये बिल गेट्स यांच्या गुंतवणूक कंपनीसोबत खासगी करून घेतली. वरळीत २००८ मध्ये उघडलेलं पंचतारांकित हॉटेल त्याच साखळीतलं. प्लॅनेट हॉलिवूड, वर्ल्डकॉम असे फसलेले डावही होते. सिटीनेही शेवटी दगा दिलाच. २००९ च्या मार्चमध्ये तिचा भाव एका डॉलरच्या खाली गेला. पण २०११ मध्ये ट्विटरमध्ये घातलेले ३० कोटी डॉलर दाखवत होते, की त्यांची नजर अजून शाबूत होती.

मान मिळवण्याची तहान मात्र कधी भागली नाही. २०१३ मध्ये फोर्ब्सने त्यांची संपत्ती २० अब्ज डॉलर धरली. त्यांच्या मते ती २९.६ अब्ज होती, आणि त्यासाठी ते लंडनच्या न्यायालयात गेले. २०१५ मध्ये तडजोड झाली. एवढ्या मोठ्या माणसाने यादीतल्या क्रमांकासाठी दोन वर्षं भांडावं, हे मला खटकलं होतं. पण घराण्यात ज्याला पद नाही, त्याला तो क्रमांक हीच प्रतिष्ठा वाटली असेल.

राजकारण टाळूनही ते पूर्ण टळलं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी बहारीनमधून ‘अल-अरब’ ही वृत्तवाहिनी सुरू केली आणि तिची सूत्रं पत्रकार जमाल खाशोगी यांच्याकडे दिली. पहिल्याच दिवशी बहारीनच्या विरोधी पक्षातल्या एका नेत्याची मुलाखत दाखवली गेली. दिवस पुरा व्हायच्या आत वाहिनी बंद पडली.

मग ४ नोव्हेंबर २०१७. युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत राजपुत्र, मंत्री आणि व्यापारी यांना रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात डांबलं गेलं. जगभर हॉटेलं घेणारा हा गुंतवणूकदार जवळपास तीन महिने एका हॉटेलचा कैदी होता. खुलं न्यायालय नाही, जाहीर आरोपपत्र नाही. २७ जानेवारी २०१८ रोजी सुटका झाली. सारा गैरसमज होता असं ते म्हणाले, आणि सरकारशी झालेल्या समझोत्याच्या अटी गुप्तच राहिल्या. त्या वर्षी फोर्ब्सने सगळ्याच सौदी अब्जाधीशांना यादीतून वगळलं. कोणाकडे काय उरलं, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. बापाची मालमत्ता १९६२ मध्ये उघड मागणी केल्यावर जप्त झाली. मुलाने तर तशी मागणीही केली नव्हती. सिटी, ॲपल, पॅरिसचं हॉटेल यांतलं काहीही त्या खोलीचं दार उघडू शकलं नाही. याचा मला आजही राग येतो. ते निर्दोष होते की नाही हे मला ठरवता येणार नाही, पण ते ठरवायला न्यायाधीशच नव्हता.

२०२१ मध्ये त्यांनी फोर सीझन्समधल्या आपल्या हिश्श्यापैकी निम्मा सुमारे २.२ अब्ज डॉलरना गेट्स यांच्या कंपनीला विकला. मे २०२२ मध्ये त्यांच्या किंगडम होल्डिंग या गुंतवणूक कंपनीचे १६.८७ टक्के समभाग सौदी सरकारच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने घेतले. त्या निधीचे अध्यक्ष युवराजच आहेत.

दानधर्माची बाजू मला सर्वांत मोलाची वाटते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्यांनी न्यूयॉर्कला १ कोटी डॉलर दिले आणि सोबतच्या निवेदनात अमेरिकेच्या पॅलेस्टाईन धोरणाबद्दल परखड शब्द लिहिले. महापौर जुलियानी यांनी धनादेश परत केला. दुसरा कोणी हात आखडून बसला असता. अल-वलीद यांनी २००५ मध्ये हार्वर्ड आणि जॉर्जटाऊनला इस्लामच्या अभ्यासासाठी प्रत्येकी २ कोटी डॉलर दिले, तर बैरूत आणि कैरोतल्या विद्यापीठांत अमेरिकेच्या अभ्यासासाठी पैसे घातले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाचावं, ही त्यांची भूमिका होती. लूव्ह्रच्या इस्लामी कला विभागाला १.७ कोटी युरो दिले, तेही याच धाग्यातले.

आणि स्त्रियांचा प्रश्न. ज्या देशात बाईने मोटार चालवायची सोय नव्हती, तिथे त्यांनी हनादी अल-हिंदी या तरुणीच्या वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च उचलला आणि २००४ मध्ये तिला आपल्या कंपनीत करारावर घेतलं. वाहनबंदी उठवा असं त्यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे लिहिलं. बंदी प्रत्यक्षात उठली जून २०१८ मध्ये, त्यांच्या सुटकेनंतर पाच महिन्यांनी, आणि श्रेय युवराजांच्या खात्यात जमा झालं.

जुलै २०१५ मध्ये त्यांनी आपली सारी ३२ अब्ज डॉलरची संपत्ती दान करण्याची घोषणा केली. ती टप्प्याटप्प्याने द्यायची होती. त्यानंतर गोवर-रुबेलाच्या लसीकरणासारख्या कामांना पैसा गेलाही. पण उरलेल्या संपत्तीचा मोठा भाग आजही किंगडम होल्डिंगच्या समभागांत आहे. दानाचा शब्द अल-वलीद यांचा असला, तरी त्या समभागांचं पुढे काय व्हायचं, हे ठरवताना युवराजांची मर्जी सांभाळावीच लागेल.