मोत्यांच्या बेटाचा जमाखर्च

आजीच्या नथीतील मोती 'बसऱ्याचे' आहेत, असे आपल्याकडील अनेक घरांतून अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः बसरा हे इराकमधील बंदर. तेथे मोती निपजत नाहीत. ते केवळ पेठेचे नाव. मोती निघत ते आखाताच्या तळाशी, आणि त्यांतले विशेष नावाजलेले बहारीन बेटाभोवतीच्या उथळ समुद्रात. तेथून ते मुंबईस येत. मुंबईच्या मोतीबाजारात त्यांना वेज पडे, त्यांची प्रतवारी होई, सर ओवले जात, आणि मग ते संस्थानिकांच्या जामदारखान्यात किंवा थेट पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडे जात. वडोदऱ्याच्या खंडेराव महाराजांनी 1865 च्या सुमारास जो प्रसिद्ध मोत्यांचा गालिचा करवून घेतला, तोही या आखाती मोत्यांचाच. 2009 साली तो कतारची राजधानी दोहा येथे लिलावात विकला गेला. म्हणजे मोती जेथून आले त्याच समुद्राच्या काठी परतले.

बहारीन म्हणजे 'दोन समुद्र'. साऱ्या द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ आपल्या गोव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. विसाव्या शतकाच्या आरंभी या चिमुकल्या मुलखातून उन्हाळ्यात 900 हून अधिक नौका आणि 17,000 हून अधिक माणसे मोत्यांच्या शोधार्थ समुद्रावर जात. नौकेचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा 'नाखवा' हा याच शब्दाचा भाऊ. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तळाशी जाई. वर दोर धरून बसलेला सोबती त्यास ओढून घेई. असे दिवसातून कित्येक वेळा.

या धंद्याची खरी गोम मात्र हिशेबात होती. हंगामापूर्वी नाखुदा पाणबुड्यास उचल देई. नाखुदा स्वतः व्यापाऱ्याकडून व्याजाने पैसे घेई. मोती चांगले निघाले तर व्यापाऱ्याचा लाभ. न निघाले तर पाणबुड्याच्या नावे बाकी वाढे, आणि बाप गेल्यावर ती मुलाच्या माथी बसे. आपल्याकडील सावकारी पाशाची ही समुद्रावरची आवृत्तीच म्हणावयाची. 1920 च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या दडपणाने प्रत्येक पाणबुड्यास हिशेबाची वही देण्याची सुधारणा झाली. गंमत अशी की तिला विरोध करणाऱ्यांत काही पाणबुडेही होते. कारण हिशेब चोख झाला तसा हाती पडणारा आगाऊ पैसाही आटला.

पुढे धंदाच आटला. जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 साली शिंपल्यात मोती वाढविण्यात यश मिळविले होते. तो माल 1920 नंतर जगाच्या बाजारात भरभरून येऊ लागला. त्यातच 1929 ची जागतिक मंदी आली आणि मोत्याला कोणी विचारीनासे झाले. बेटावर अक्षरशः उपासमारीची छाया पडली असता 1932 साली जबल दुखान या टेकडीपाशी खनिज तेल लागले. आखाताच्या अरबी बाजूस सापडलेले हे पहिले तेल.

पहिले, पण थोडे. आखातातील तेलाची कथा सांगताना आपण सर्वांना एकाच मापाने मोजतो, ही आपली चूक आहे. कुवेत वा अबू धाबी यांच्या मानाने बहारीनचा साठा म्हणजे ओंजळभर. म्हणूनच सित्रा येथील तेलशुद्धीकरण कारखान्यास 1945 पासून समुद्रतळाच्या नळातून सौदी अरेबियाचे कच्चे तेल येते. आज बहारीनच्या वाट्याचे बहुतांश तेलही अबू सफा या सौदी अरेबियासमवेत वाटून घेतलेल्या क्षेत्रातले; ते काढते सौदी कंपनी आणि उत्पन्नाचा निम्मा हिस्सा बहारीनला मिळतो.

या ओंजळीनेच राज्यकर्त्यांना लवकर शहाणे केले. 15 ऑगस्ट 1971 रोजी देश स्वतंत्र झाला (तारीख आपल्याला परिचितच आहे), आणि त्याच वर्षी 'अल्बा' या कारखान्यात अॅल्युमिनियम तयार होऊ लागले. आश्चर्य असे की बेटावर त्या धातूचे खनिज नाही. अॅल्युमिना ऑस्ट्रेलियासारख्या दूर देशातून जहाजाने येते. बेटाचा स्वतःचा असतो तो नैसर्गिक वायू, ज्यावर प्रचंड वीज निर्माण करून धातू वेगळा काढतात. आज हा कारखाना वर्षाला 15 लाख टनांहून अधिक धातू देतो. लोहखनिजाचेही तसेच, ते परदेशातून आणून, गोळ्या वळून पुन्हा बाहेर धाडले जाते. एके काळी बेटाचा कच्चा मोती वेज पाडण्यासाठी मुंबईस येई. आता जगाचा कच्चा माल घडणीसाठी बेटावर येतो.

पैशाचेही तेच केले. 1975 साली लेबाननमध्ये यादवी माजली आणि बैरूतच्या पेढ्यांना सुरक्षित आसरा हवा झाला. बहारीनने त्याच वर्षी परदेशी बँकांना दार उघडले. आज तेथील वित्तव्यवसायाचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा तेलाच्या बरोबरीला येऊन ठेपला आहे. अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार 2006 पासून अमलात आहे.

नाण्याची गोष्ट आपल्या अधिक जवळची. 1965 पर्यंत बहारीनच्या बाजारात आपला रुपया चाले. 1959 पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. 1965 साली 10 रुपयांस 1 दिनार या दराने त्यांनी स्वतःचे नाणे सुरू केले. पुढल्याच वर्षी जूनमध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा ते त्या तडाख्यातून सुटले होते. आज त्या एका दिनारास 200 हून अधिक रुपये पडतात.

इतके सारे करूनही खजिना मात्र स्वावलंबी झालेला नाही, हे मान्य केले पाहिजे. सरकारी महसुलाचा अर्ध्याहून अधिक भाग अजून तेलातूनच येतो. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, खर्च कमी झाला नाही, आणि देशावरील कर्ज वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाहून मोठे झाले. 2018 साली सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात आणि कुवेत यांनी 10 अब्ज डॉलरांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हाच डॉलरशी बांधलेल्या दिनाराविषयीची धास्ती निवळली. 2019 मध्ये मूल्यवर्धित कर बसला. 2022 मध्ये तो दुप्पट, म्हणजे दहा टक्के झाला. कर नसलेला देश म्हणून आखाताकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शेजाऱ्याच्या पैशाला शेजाऱ्याचा शब्दही जोडलेला असतो. 1986 साली सौदी अरेबियाच्या खर्चाने 25 किलोमीटरचा सेतू झाला. त्यावरून माल आणि पाहुणे येतात. मार्च 2011 मध्ये, राजधानी मनामात लोकांची निदर्शने चालू असता, त्याच सेतूवरून सौदी फौजही आली. निदर्शक जमत त्या चौकात शिखरावर मोती धारण केलेले एक स्मारक होते. सरकारने ते पाडून टाकले, आणि त्याचे चित्र असलेले 500 फिल्सचे नाणेही चलनातून काढून घेतले.

खरा मोती मात्र अद्याप मानाचा आहे. कृत्रिमरीत्या वाढविलेल्या मोत्यांच्या विक्रीस बहारीनमध्ये बंदी आहे, आणि मोत्याची पारख करणारी स्वतंत्र प्रयोगशाळा 2017 पासून चालते. हौशी पाणबुड्यासही परवाना मिळतो. एका दिवसात त्याने 60 शिंपले उचलावेत, अधिक नाहीत.