ढगांतील दिशाज्ञान

डोळे मिटून उभे राहिले तरी आपला तोल आपणांस कळतो, आणि म्हणूनच ढगांत शिरल्यावर बाहेरचे काही दिसेनासे झाले तरी शरीर आपणांस दगा देणार नाही, असा विमानविद्येच्या आरंभकाळी कित्येक वैमानिकांचा समज होता. या समजापायी पुष्कळांनी प्राण गमावले. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवामुळे वळण सुरू झाल्याचे आपणांस कळते खरे. परंतु तेच वळण संथपणे चालू राहिले म्हणजे तो द्रवही नलिकांच्या गतीशी एकरूप होतो, आणि विमान एका अंगावर कलून फेरे घेत खाली उतरत असताना वैमानिकास मात्र आपण सरळ चाललो आहोत अशी पक्की खात्री वाटत राहते.

शरीराची साक्ष अशी अग्राह्य ठरल्यावर उरते ते होकायंत्र. ते जुने व इमानी असले तरी विमानात त्याचा अंमल पुरता चालत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीकडे झुकलेल्या असल्यामुळे, उत्तर गोलार्धात उत्तरेकडे चाललेले विमान वळू लागले की होकायंत्र ते वळण मागाहून, आणि आरंभी तर उलट्याच दिशेने दाखविते. पूर्वेस वा पश्चिमेस जाताना नुसता वेग वाढविला तरी विमान उत्तरेकडे वळल्याचा भास ते उत्पन्न करते.

या अडचणीतून वाट काढली ती गायरोने. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी कलू देत नाही. याच गुणाचा उपयोग करून अमेरिकेतील एल्मर स्पेरी आणि त्यांचे चिरंजीव यांनी कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक गायरो ही दोन उपकरणे सिद्ध केली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कनजीकच्या मिचेल फील्डवर लेफ्टनंट जिमी डूलिटल यांनी, आपल्या आसनावर पूर्ण आच्छादन ओढून घेऊन, केवळ ही उपकरणे, पॉल कोल्समन यांचा सूक्ष्म उंचीमापक आणि रेडिओचे संकेत यांच्या भरवशावर विमान उडविले, नेमल्या मार्गाने फिरविले आणि परत भूमीवर उतरविले. पुढच्या आसनावर खबरदारीसाठी बेन केल्सी बसले होते. माझ्या मते विमानविद्येच्या इतिहासात राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या खालोखाल मान द्यावा तो या सुमारे पंधरा मिनिटांना.

परंतु गायरोला उत्तर दिशा ठाऊक नसते. आपण लावून द्यावी ती दिशा धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. शिवाय पृथ्वी खालून फिरत असल्यामुळे, मुंबईच्या अक्षांशावर साधा गायरो तासाला सुमारे पाच अंशांनी सरकतो, आणि पाच अंशांची चूक तशीच राहिली तर मुंबईहून दिल्लीस निघालेले विमान सुमारे ११५० किलोमीटरांच्या अंती जवळजवळ शंभर किलोमीटर बाजूला जाईल. म्हणून लहान विमानाचा वैमानिक दर पंधरा मिनिटांच्या सुमारास, विमान सरळ, समतल व एकाच वेगाने चालले असता, होकायंत्राचा आकडा वाचतो, आणि गायरोच्या तबकडीखालचे लहानसे बटण दाबून व फिरवून तबकडी त्या आकड्याशी जुळवून घेतो. वळणावर होकायंत्र चुकते तेव्हा गायरो सांभाळतो. कालांतराने गायरो चुकतो तेव्हा होकायंत्र त्यास दुरुस्त करते. या परस्परांवरील देखरेखीतच विमानाची सुरक्षितता आहे.

ती देखरेख सुटली म्हणजे काय होते, याचा दुःखद दाखला मुंबईच्याच समुद्रात आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान दुबईस निघाले. वळण घेऊन विमान सरळ झाल्यावरही कप्तानापुढील क्षितिजदर्शक मात्र ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिला. बाहेर अंधार, खाली काळा समुद्र. कप्तानाने त्या एकाच उपकरणावर विश्वासून विमान डावीकडे कलविले, कलवीतच नेले, आणि ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ माणसे मृत्युमुखी पडली. तपासणीसाठी दुसरी उपकरणे त्याच कक्षात हाताशी होती, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

आता तबकड्यांच्या जागी काचेचे पडदे आले आहेत आणि उपग्रह विमानाचा ठावठिकाणा काही मीटरांच्या आत सांगतात. तरीही प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये कप्तान व सहवैमानिक यांच्यासमोर स्वतंत्र क्षितिजदर्शक असतात, त्यांखेरीज एक राखीव असतो, आणि विजेवाचून चालणारे साधे होकायंत्रही तेथे अद्याप ठेवलेले असते.