तान्हें मूल, डोंगरवाट आणि सायकल

घरांत मूल झालें म्हणजे दोन-तीन वर्षें भटकंतीस रजा, असें आपल्या सुशिक्षित कुटुंबांत फार दिवस मानलें जात होतें. आतां तो निर्बंध राहिलेला नाहीं. पुण्यामुंबईचीं तरुण जोडपीं सहा-आठ महिन्यांचें बाळ घेऊन सुट्टीच्या दिवशीं किल्ल्यावर जातात, मोटारीच्या टपावर सायकली बांधून खेड्यापाड्यांच्या वाटा धुंडाळतात. यांत वावगें कांहींच नाहीं. मोकळी हवा मुलाला मानवते आणि घरांत कोंडलेल्या आईलाही ती हवी असते. प्रश्न इतकाच, कीं ज्याला "मला दुखतें आहे" हे तीन शब्दही उच्चारतां येत नाहींत, असा जीव बरोबर न्यावयाचा तो कशांत, कसा आणि कोठवर? बाजारांत झोळ्या आहेत, पाठीवर बांधावयाच्या चौकटी आहेत, सायकलीवरच्या बैठकी आहेत, सायकलीमागें जोडावयाच्या गाड्या आहेत. प्रत्येकीच्या जाहिरातींत हंसरें मूल आहे. निवड कशी करावी, याचें उत्तर त्या जाहिरातींत मात्र सांपडत नाहीं.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर धरूं. जुन्नर तालुक्यांत आळे नांवाचें गांव आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधि येथें असल्यामुळें भाविक या गांवास ओळखतात. आणि पुणें-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात, म्हणून प्रवासी ओळखतात. मुंबईचें बिऱ्हाड माळशेज घाट चढून आणि पुण्याचें बिऱ्हाड नारायणगांव ओलांडून येथें पोंचतें. पश्चिमेस शिवनेरी, लेण्याद्रि आणि नाणेघाट. भोंवतीं कालव्याच्या पाण्यावर पोसलेले उंसाचे मळे. डोंगर चढणारा आणि सायकल हांकणारा, दोघांनाही मोह पडावा असाच हा मुलूख आहे.

या मुलुखांतून मुलांसह चालत जाणारे लोक मात्र नवीन नाहींत. पाऊस सरला कीं पारनेरकडील मेंढपाळ धनगर कळप घेऊन कोंकणाकडे उतरतात आणि पुढल्या पावसाच्या आंत परततात. त्यांचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. त्या गांठोड्यांवर कोंबड्या, नुकतींच जन्मलेलीं कोंकरें आणि त्यांच्याच पंगतीस लहान मूल बसविलेलें दिसतें. अगदींच तान्हें असेल तें आईच्या अंगाशीं. हा प्रवास हौसेचा नव्हे, पोटासाठीं आहे; त्यांत मुलांचे हाल होत नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांतला क्रम मात्र आपण घेण्यासारखा आहे : आधीं आईचें अंग, मग वाहन. मूल कोणत्या अवस्थेंत आहे तें पाहून त्याची जागा ठरते, मालकाच्या हौसेवरून ठरत नाहीं. आजच्या आपल्या विषयाचें सारें सार या एका वाक्यांत आहे.

मुलाच्या अवस्था तीन. मान धरण्यापूर्वींची, मान धरल्यापासून आधाराशिवाय बसेपर्यंतची, आणि नीट बसूं लागल्यानंतरची. वेष्टनावर छापलेले महिने हे केवळ अंदाज होत. कोणी मूल साडेपांच महिन्यांत बसतें, कोणी आठव्यांत; अपुऱ्या दिवसांचें असेल तर आणखी उशीर लागतो. म्हणून खरेदीपूर्वीं दुकानदाराचा सल्ला घेण्यापेक्षां घरांतील सतरंजीवर मूल बसवून पाहावें, आणि शंका असेल तर डॉक्टरांस विचारावें.

पहिल्या अवस्थेंत कापडाची झोळी किंवा मऊ पट्ट्यांची अंगाशीं बांधावयाची पिशवी, एवढेंच साधन योग्य. तीही छातीवर, पाठीवर नव्हे. कारण मुलाचें तोंड सतत दिसलें पाहिजे. मान न धरलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकली, तर श्वासाची वाट अरुंद होते आणि मूल आवाज न करतां गुदमरतें. म्हणून हनुवटी व छाती यांमध्यें दोन बोटें राहतील इतकें अंतर असावें, नाकावर कापड येऊं नये, आणि आपण मान लववितांच मुलाच्या टाळूस ओंठ लागतील इतकें तें वर असावें. पदर तोंडावरून ओढून मुलास ऊन लागूं न देणें ही आपल्याकडील मायेची रीति आहे. झोळींत मात्र ती घातक ठरते. झोळी जुन्या लुगड्याची करूं नये. विरलेलें लुगडें गोधडीस उत्तम, भार पेलण्यास नव्हे.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे खुब्याचा सांधा. तान्ह्या मुलाचा हा सांधा कच्चा असतो. पाय सरळ ताणून, एकमेकांस जुळवून फार वेळ बांधले, तर तो निसटण्याचा धोका वाढतो. जपानांत १९७५ सालीं मुलांचे पाय असे सरळ बांधूं नयेत म्हणून देशभर मोहीम झाली आणि त्यानंतर तेथील खुबा निखळण्याचें प्रमाण पुष्कळच उतरलें. योग्य बैठक कोणती? गुडघे ढुंगणापेक्षां किंचित् वर आणि मांड्या दोन्ही बाजूंस फांकलेल्या. ही बैठक आपणांस नवी नाहीं. आपल्या आयाबाया मुलास कडेवर घेतात तेव्हां तें नेमकें असेंच बसतें. झोळी विकत घेतांना तिचें आसन एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोंचतें कीं नाहीं, तें पाहावें. अरुंद पट्टीवर जांघेंत लोंबकळणारें मूल जाहिरातींत गोजिरवाणें दिसलें, तरी तें साधन सोडून द्यावें.

मूल आधाराशिवाय बसूं लागलें, कीं पाठीवरची चौकट घेतां येते. हिला धातूचा सांगाडा, मुलासाठीं आसन, आणि वाहणाऱ्यासाठीं खांद्याचे व कमरेचे पट्टे असतात. येथें पैसे कशावर खर्चावेत? छतावर नव्हे, खिशांवर नव्हे, कंबरपट्ट्यावर. भार खांद्यांवर लोंबला तर तासाभरांत चालणारा वांकतो आणि त्याचा तोल जातो. तो कमरेवर बसला तर तोच मनुष्य सुखानें चालतो. म्हणून पाठीची लांबी कमी-जास्त करतां येते ती चौकट घ्यावी, विशेषतः आई आणि बाप आळीपाळीनें वाहणार असतील तर. हिशेबही आधींच मांडावा. मूल दहा किलोंचें, चौकट तीन किलोंची, पाणी व लंगोट मिळून तीन किलो. म्हणजे सोळा किलो झाले. कित्येक प्रसिद्ध बनावटींची मर्यादा मूल, सामान व चौकट मिळून सुमारें २२ किलो असते. परंतु चौकटीची मर्यादा ही आपल्या गुडघ्यांची मर्यादा नव्हे. मुलास बसविण्यापूर्वीं दहा किलो बाजरीची पिशवी आसनांत घट्ट बांधून टेकडीवर एक फेरी करावी. बाजरी रडत नाहीं. आपण मात्र पट्टा कोठें रुततो तें मुकाट्यानें शिकतों.

चौकटींतील मूल आपल्या डोक्याहून उंच असतें हें विसरूं नये. ज्या फांदीखालून आपण जातों तीच त्याच्या कपाळास लागते. बुटाची नाडी बांधावयाची तर कमरेंत वांकूं नये, गुडघे टेकून खालीं बसावें. नाहींतर सैल पट्ट्यांतून मूल डोक्यावरून पुढें येतें. चौकटीस उभें राहण्याचा पाय असतो, तो केवळ मूल आंत-बाहेर करतांना हात देण्यापुरता. कातळावर चौकट टेकवून छायाचित्र घेण्यास दूर जाणें ही शुद्ध आत्मवंचना होय.

आतां वाटेची निवड. तीही साधनाचाच एक भाग आहे, कारण चांगल्या चौकटीनें वाईट वाट चांगली होत नाहीं. १६३० सालीं जेथें शिवराय जन्मले, त्या शिवनेरीस जावयाचें तर सात दरवाजांची पायऱ्यांची वाट मुलासह चढण्यासारखी आहे. साखळीची वाट तशी नाहीं, कारण तेथें दोन्ही हात लागतात. लेण्याद्रीच्या तीनशेंच्या आसपास पायऱ्या ही नव्या चौकटीची उत्तम परीक्षा. नाणेघाटांत पठाराच्या बाजूनें जाऊन सातवाहनांचा लेख असलेली गुहा आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहावा. कोंकणांतून चढणारी दगडांची वाट मूल स्वतःच्या पायांनीं चालूं लागेपर्यंत राखून ठेवावी. या कड्यांवर आग्या मोहोळें असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरड यांनीं माशा खवळतात, आणि पट्ट्यांत अडकलेल्या मुलास पळतां येत नाहीं. पोळें दिसलें तर मुकाट्यानें माघारें फिरावें.

चालणाऱ्यास घाम येतो, बसणाऱ्यास थंडी वाजते. आपल्या अंगावरून मुलाच्या कपड्यांचा अंदाज करूं नये. जुन्नरच्या पौषांतल्या सकाळीं लोंबणारे पाय गार पडतात. दर अर्ध्या तासानें मुलाचीं पावलें व मानेची मागली बाजू हातानें चांचपावी, आणि तासाभरानें त्यास उतरवून हातपाय मोकळे करूं द्यावेत. आजीच्या हातची सुती कुंची येथें परदेशी टोपीस हार जात नाहीं. ती डोकें, कान आणि मान एकदम झांकते. सहा महिन्यांच्या आंतील मुलास उन्हाचें मलम लावण्यापेक्षां सावलींत ठेवावें. त्या वयांत अंगावरचें दूध हेंच त्याचें अन्न आणि पाणी. उन्हाळा आहे म्हणून वेगळें पाणी पाजण्याचें कारण नाहीं. मात्र पाजणाऱ्या आईनें पाणी पुष्कळ प्यावें.

सायकलीचा विचार याहून कठोरपणें केला पाहिजे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा, कीं बारा महिन्यांच्या आंतील मूल सायकलीवर नेऊंच नये. बैठकींत नाहीं, मागल्या गाडींत नाहीं, आणि आपल्या पाठीवर किंवा छातीवर बांधून तर मुळींच नाहीं. कारण उघड आहे. रस्त्याचे हादरे मानेस बसतात आणि हेल्मेटचा भार त्या मानेस पेलत नाहीं. वर्षानंतर, मूल नीट बसत असेल आणि हेल्मेट ठेवूं देत असेल, तरच पुढला विचार.

आपल्याकडे मूल दांड्यावर किंवा मागच्या कॅरिअरवर बसविण्याची जुनी संवय आहे. त्या संवयीची किंमत टांचेनें दिली जाते. चाकाच्या आऱ्यांत पाऊल सांपडून कातडी सोलवटण्याची दुखापत आपल्या रुग्णालयांस चांगली परिचित आहे. म्हणून बैठक घेतांना पहिली नजर पायांकडे टाकावी : पावलांस खोबणी, त्यांवर पट्टे, आणि चाकाच्या बाजूस अखंड आडोसा आहे ना? मग पाठीची उंची पाहावी. झोंप लागली तरी मान टेकली पाहिजे. मागच्या बैठकी साधारणपणें नऊ ते बावीस किलोंच्या मुलांसाठीं आणि पुढच्या पंधरा किलोंपर्यंत असतात. उभ्या केलेल्या सायकलीवर मुलास एक क्षणही एकटें सोडूं नये. पुष्कळ अपघात चालत्या नव्हे, कलंडणाऱ्या सायकलीवरून होतात. हेल्मेट भिंवयांच्या वर दोन बोटें, सरळ बसावें. एकदां आपटलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें. आणि सायकलीवरून उतरून खेळावयास जातांना तें काढावें, कारण झाडांत किंवा खेळण्याच्या शिडींत त्याचा पट्टा गळ्यास फांस होऊं शकतो.

सायकलीमागची दोनचाकी गाडी बुटकी असते, म्हणून मूल फारशा उंचीवरून पडत नाहीं. हा तिचा गुण. परंतु तोच बुटकेपणा आळेफाट्याच्या हमरस्त्यावर तिचा दोष होतो. मालमोटारीच्या चालकास ती दिसत नाहीं, आणि धूर व धूळ नेमकी मुलाच्या नाकाच्या पातळीस येते. तिच्यावर उंच निशाण लावावें आणि ती रुंद, शांत रस्त्यांपुरतीच ठेवावी. अरुंद पायवाटेच्या कडेवरून एक चाक घसरलें कीं ती उलटते. गांवाकडच्या वाटांनाही वेळेचें बंधन आहे. जुन्नर तालुका जसा उंसाचा, तसाच बिबट्यांचा. माणिकडोह येथें त्यांच्यासाठीं निवारा केंद्र आहे. ऊस हें त्यांचें लपण, आणि लहान मूल हें त्यांच्या नजरेंत लहान सावज. सूर्य कलण्यापूर्वीं मुक्कामास पोंचावें, आणि उंसाच्या बांधावर मुलास एकटें खेळावयास सोडूं नये.

ज्यांची दुचाकी पेट्रोलवर चालते त्यांच्यासाठीं नियम झालेला आहे. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनें, वर्षभरानंतर लागू होईल अशा रीतीनें, तीन गोष्टी ठरविल्या : चार वर्षांखालील मूल चालकाशीं सुरक्षा-पट्ट्यानें जोडलेलें असावें, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलास मापाचें हेल्मेट असावें, आणि वेग ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वर जाऊं नये. आईबापांच्या मध्यें दाबून बसविलेलें मूल सुरक्षित असतें ही समजूत या नियमापुढें टिकत नाहीं. अर्थात् नियम ही किमान मर्यादा आहे. तान्ह्या मुलासाठीं मोटार किंवा एस.टी. हेंच बरें.

तेव्हां खरेदीचा क्रम असा लागतो. मान धरेपर्यंत झोळी, बसूं लागल्यावर चौकट, वर्षानंतर हेल्मेट आणि मगच सायकलीची बैठक. जुनी वस्तु कोणाकडून मिळाली तर अवश्य घ्यावी. बक्कल, शिवण आणि पट्टे ओढून तपासावेत. हेल्मेट मात्र नवेंच घ्यावें. आणि शेवटचें साधन कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. मूल रडूं लागलें, ऊन चढलें किंवा पाय थकले, कीं शिखर हाताच्या अंतरावर असतांनाही परत फिरण्याची तयारी, हें तें साधन होय. शिवनेरी साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ आपल्या जागीं उभा आहे. पुढल्या वर्षींही तो तेथेंच असेल, आणि तोंवर मूल त्याच्या निम्म्या पायऱ्या स्वतःच्या पायांनीं चढूं लागेल.